काढा कशातून काढला?

मिरजेची आत्या तापावर दोन इलाज करते आणि दोन्ही एकाच वेळी. गॅसच्या एका बाजूला पातेल्यात गवती चहा, आले, तुळस आणि चार मिरी उकळत असतात. दुसऱ्या बाजूला रिकामा लोखंडी तवा तापत असतो. तवा कशाला, हे त्या घरात कुणी विचारत नाही. मुठीत खडेमीठ, मोहरी आणि देठासकट सुक्या मिरच्या घेऊन ती मूठ पोरावरून तीनदा उतरवायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि सगळे तव्यावर टाकायचे. मोहरी तडतडते, मिरच्या काळ्या पडतात, धूर उठतो. ठसका लागला तर पोराला दृष्ट नव्हती, नुसता ताप होता. लागला नाही तर मात्र होती, आणि जबरदस्त होती.

मागच्या दिवाळीत चुलतभावाच्या मुलाला बारीक ताप आला, तेव्हा आत्या आतून मला म्हणाली, “अरे, तेवढा काढा गाळून ठेव, मी दिष्ट काढते.” मी काढा गाळला. पण गाळणी हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिलो, कारण त्या एका वाक्यात ‘काढा’ही होता आणि ‘काढते’ही होते. हे दोघे एकमेकांचे कोण?

पहिले उत्तर कुणीही देईल. वेढणेवरून वेढा, ठेवणेवरून ठेवा, झगडणेवरून झगडा, तसा काढणेवरून काढा. मुळ्यापाल्यांतून काढलेला अर्क तो काढा. व्याकरण बसते, अर्थ बसतो, आणि कानाला तर इतके पटते की पुढे विचारायचे कारणच उरत नाही. व्युत्पत्तीच्या खेळात इतके सोपे उत्तर मिळाले की मी आधी खिसा चाचपतो.

संस्कृतात उकळण्याला क्वथ् हा धातू आहे. त्यावरून क्वथन आणि क्वाथ. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृताला दिला. त्यात एका सूत्रात क्वथ् आणि वर्ध् यांच्या शेवटच्या व्यंजनाला ‘ढ’ होतो असे सांगितले आहे. म्हणजे क्वथ्‌चे कढइ आणि वर्ध्‌चे वड्ढइ. आपले कढणे आणि वाढणे ही भावंडे तिथे एकाच ओळीत बसलेली आहेत. कढणेचा मूळपुरुष असा सापडला, की क्वाथ → काढ → काढा ही वाट सरळ आहे. काढा हा काढलेला नव्हे, कढलेला आहे.

आणि काढणे? त्याचीही हेमचंद्राकडे नोंद आहे, पण वेगळ्या खात्यावर. कृष् म्हणजे ओढणे, खेचणे. त्याच्या जागी प्राकृतात येणाऱ्या धातूंची एक लांबलचक यादी तो देतो आणि तिच्यात पहिलाच ‘कड्ढ’ आहे. पालीतही कड्ढति म्हणजे ओढतो. कृष्‌पासून कड्ढ नेमके कसे झाले, यावर पंडितांनी बरीच ओढाताण केली आहे. कृष्ट या रूपातून ते आले असावे. ते काही असले तरी हा धातू ओढण्याचा, म्हणजे शेतकऱ्याच्या नांगराच्या घरचा. आणि क्वथ् हा चुलीच्या घरचा. दोन वेगळी कुळे. मराठीत येईतो दोघांचे कपडे इतके सारखे झाले की गावकऱ्यांनी त्यांना सख्खे भाऊ धरले.

गंमत अशी की ही गफलत केवळ आपली नाही, संस्कृत वैद्यांनाही तिची चाहूल असावी. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याची रीत दिली आहे: कुटलेले औषध एक पल, पाणी त्याच्या सोळापट, भांडे मातीचे, विस्तव मंद, आणि आठवा हिस्सा उरला की उतरवायचा. तिथेच काढ्याचे पर्यायशब्द येतात: शृत, क्वाथ, कषाय आणि निर्यूह. शृत म्हणजे शिजवलेला, क्वाथ म्हणजे उकळलेला. पण निर्यूह म्हणजे बाहेर निघालेला, पाझरलेला रस. म्हणजे एकाच पेल्याला कुणी विस्तवाकडून नाव दिले, कुणी रसाकडून.

आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळणे याला आपण आज ‘आटवणे’ म्हणतो, आणि इथे हेमचंद्र पुन्हा भेटतो. क्वथ्‌साठी त्याने आणखी एक आदेश दिला आहे: अट्ट. आपले आटणे त्यातलेच दिसते. दूध कढवणे आणि दूध आटवणे यांतला फरक कोणतीही गृहिणी डोळे मिटून सांगेल. व्याकरणकाराच्या वहीत मात्र दोन्ही एकाच धातूच्या नावावर चढलेली आहेत.

कढणेचा गोतावळा मोठा आहे. कढत पाणी, मायेचा कढ, आणि अर्थात कढी, म्हणजे क्वथिता, कढवलेली. शिळ्या कढीला ऊत आणता येतो तो याच जोरावर. सोलकढीचे मात्र मला नेहमी नवल वाटते, कारण ती कढवली तर फुटते. नारळाचे दूध आणि कोकमाचे आगळ थंडच एकत्र करायचे. नाव कढी आणि विस्तवाशी संबंध नाही. या गोतावळ्यात आणखी एक तोतया आहे, तो म्हणजे कढई. कढवायची ती कढई असे वाटते, पण ती आली संस्कृत कटाहापासून. कटाहातला ‘ह’ मागे सरकून ‘ड’ला चिकटला आणि ‘ढ’ झाला. आयुष्यभर कढणेच्या घरी राबली, पण रक्ताची नव्हे.

चहाबद्दलही एक शंका घालून ठेवतो. चरकाने औषध पाण्यात उतरवण्याचे प्रकार नीट वेगळे केले आहेत. पिळून काढला तो स्वरस, वाटला तो कल्क, उकळला तो शृत, गार पाण्यात रात्रभर भिजवला तो शीत, आणि उकळत्या पाण्यात टाकून चुरून गाळला तो फांट. या हिशेबाने साहेबाचा चहा हा फांट. आपला आले घालून, दूध घालून, तीनदा वर आणून पुन्हा खाली बसवलेला चहा हा सरळसरळ काढा आहे. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचे मिश्रण ‘आयुष क्वाथ’ या नावाने पुढे केले. सरकारी कागदावर क्वाथ असला तरी लोकांच्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून काढाच होता. हजार वर्षांचा ध्वनिबदल लोकांनी एका दिवसात उरकला, म्हणायचे.

शार्ङ्गधराच्या यादीतला कषाय गोव्याकडे आणि कारवारकडे अजून रोजच्या पिण्यात आहे. तिथे तो औषधापेक्षा पेयच जास्त, धणे-जिऱ्याचा. कषाय म्हणजे तुरट, आणि तुरट काढा बहुधा झाडाच्या सालींचा. सालींच्या त्याच पाण्यात वस्त्र बुडवले की ते तांबूस होते, म्हणून संन्याशाचे वस्त्र काषाय. वैद्य आणि संन्यासी एकाच पातेल्यातून निघालेले आहेत.

आता आत्याच्या दुसऱ्या शेगडीकडे वळू.

तिची ‘दिष्ट’ अशुद्ध नाही. उलट आपली ‘दृष्ट’च अर्धवट शुद्ध केलेली आहे. संस्कृत दृष्टीचे प्राकृतात दिट्ठि झाले, त्याचे जुन्या मराठीत दिठी आणि दीठ. ज्ञानेश्वरीत दिठी आहे. पुढे कुणीतरी दिठीला पुन्हा संस्कृतची आंघोळ घातली, ऋकार बसवला, पण शेवटचा इकार बसवायचा राहिला, आणि दृष्ट हे धेडगुजरी रूप रूढ झाले. खरी जुनी ‘दीठ’ आपल्याकडे आहेच, पण भलत्याच ठिकाणी: घरदीठ, माणसादीठ, तोळ्यादीठ. एकेका घराकडे पाहून वर्गणी ठरवायची, म्हणून घरदीठ असावे. वर्गणी मागायला येणाऱ्यांची नजर पाहिली की ही व्युत्पत्ती मला जास्तच पटते.

यापेक्षा मोठा प्रश्न क्रियापदाचा. हिंदीत नजर उतारतात, गुजरातीतही उतारतात. आपण दृष्ट उतरवतोही, पण जास्त करून ‘काढतो’. असे का? मिरजेत हे कोडे सोडवायला फार लांब जावे लागत नाही; आत्याच्या शेजारच्या बाई घरात कन्नड बोलतात. कन्नडात दृष्टी ‘तेगे’ म्हणतात, म्हणजे काढ. तेलुगूत दिष्टि ‘तीय’तात, म्हणजे काढतातच. (तेलुगूतले रूपही ‘दिष्टि’ आहे, आत्याच्या उच्चाराला अगदी खेटून.) म्हणजे नामाच्या बाबतीत आपण उत्तरेचे आणि क्रियापदाच्या बाबतीत दक्षिणेचे. मराठी जिथे उभी आहे तिथे हे व्हायचेच. हे भाषांतरित उधारीचे क्रियापद असावे असे ठासून म्हणवत नाही, कारण मराठीला काढण्याची हौस मुळातच दांडगी आहे. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, रांगोळी काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो, समजूत काढतो, आठवण काढतो आणि काहीच जमले नाही तर दिवस काढतो. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. ताप चढतो, विष चढते, नशा चढते. आणि चढलेले उतरते. दृष्ट चढत नाही, लागते. लग्‌पासूनचे लागणे, म्हणजे चिकटणे. चिकटलेले ओढून काढावे लागते. कृष्‌चा मूळ अर्थ इथे जितका टवटवीत आहे तितका ‘फोटो काढणे’मध्ये खचितच नाही.

पुटपुटण्याचे व्याकरणही ऐकण्यासारखे असते. आलेल्याची, गेलेल्याची, घरातल्याची, दारातल्याची, मग काही न सांगण्याजोग्या मंडळींची, सगळ्या षष्ठ्या. कुणाची काय, ते नाम गाळलेले. काय होवो, ते क्रियापदही गाळलेले. पाणिनीला आवडले असते. नाव घेतले की ती वस्तू हजर होते, या भीतीने नाम गाळले असावे. क्रियापदाचे काम तवा करतो.

मुठीतल्या वस्तू एकेक करून पाहण्यासारख्या आहेत. मिरची तर उपरी. पोर्तुगीज आले नसते तर ती आलीच नसती. सोळाव्या शतकाआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. मरिच हे मिऱ्यांचे संस्कृत नाव, तेच या परदेशी पाहुणीला चिकटले आणि ती मिरची झाली. दुकानाच्या दारावरचे लिंबू-मिरची पाहून कुणी ‘अनादिकालापासून’ म्हणू लागले तर त्याला इतिहासाचे दोन शब्द ऐकवावेत. लिंबू मात्र जुने, आणि त्याचे नावही फिरस्ते आहे: संस्कृतात निंबूक, फारसीत लीमू, आणि कोणाकडून कोणाकडे गेले याचा वाद अजून चालू.

मिरचीआधी मुठीत काय होते याचा पुरावा एका जोडशब्दात जपलेला आहे: लिंबलोण. लिंबलोण उतरणे म्हणजे कडुलिंबाचा पाला आणि मीठ ओवाळून टाकणे. इथला लिंब म्हणजे लिंबू नव्हे, निंब. मराठीत न आणि ल यांची ने-आण फार. निंबाचा लिंब झाला, नवनीताचे लोणी झाले. आणि उलट्या दिशेने लांगलाचा नांगर झाला, ललाटाचे निढळ झाले. निढळाचा घाम गाळणाऱ्याच्या हातात नांगर असतो, हा योगायोग सुखद आहे. लोण म्हणजे लवण. लोणचे त्याचे, लोणी मात्र त्याचे नव्हे. सोयरिक जुळवताना हे पाहून घ्यावे.

मीठ, मोहरी, कडुलिंब. हे त्रिकूट मला सुश्रुतात सापडले त्या दिवशी मी खरोखर दचकलो. सूत्रस्थानाचा एकोणिसावा अध्याय शस्त्रक्रिया झालेल्या, जखमी माणसाच्या खोलीबद्दल आहे. तिथे मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, सलग दहा दिवस द्यायला सांगितले आहे. आणि कशासाठी? रक्तमांसाच्या वासाने येणाऱ्या निशाचरांपासून जखमेचे रक्षण व्हावे म्हणून. मोहरीला संस्कृतात रक्षोघ्न, राक्षसांना मारणारी, हे नाव आहेच. आता हा अध्याय वैद्यकाचा की आत्याच्या तव्याचा? जखम चिघळवणाऱ्या अदृश्य मंडळींना सुश्रुत निशाचर म्हणतो, आपण जंतू म्हणतो. धुरी दोघांनाही मानवत नसावी. आत्याला यातले काही माहीत नाही. तिने फक्त तूप वगळून मिरची घातली आहे.

त्या अध्यायात कडुलिंबासाठी जो शब्द येतो तो ‘अरिष्ट’, आणि इथे मी वाट सोडून थोडा आत शिरणार आहे, कारण अरिष्टासारखा शब्द वारंवार भेटत नाही. रिष् म्हणजे इजा होणे. अ-रिष्ट म्हणजे इजा न झालेला, सुरक्षित. या न्यायाने जे जे रक्षण करते ते अरिष्ट. अमरकोश उघडा: कडुलिंब अरिष्ट, लसूण अरिष्ट, ताक अरिष्ट, बाळंतिणीची खोली अरिष्ट. म्हणजे आजीच्या घराची अर्धी यादी. आणि कावळाही अरिष्ट! मग मराठीत ‘अरिष्ट कोसळले’ म्हणताना आपण उलटा अर्थ कुठून आणला? तोही जुनाच आहे. अमरकोशच सांगतो की अरिष्ट शुभही आणि अशुभही. वैद्यकात तर मरण जवळ आल्याच्या लक्षणांना अरिष्टे म्हणतात. ज्याचे नाव घ्यायची भीती वाटते त्याला त्याच्या उलट नावाने हाक मारायची, ही माणसाची जुनी खोड. दिवा विझला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तसेच हे झाले असावे. आज एकाच मराठी घरात अरिष्ट टळावे म्हणून नवस होतो आणि जेवणानंतर दोन चमचे दशमूलारिष्ट घेतले जाते. आणि न्हाणीघरात रिठा असतो. तोही अरिष्टकच, फक्त पुढचा ‘अ’ पाण्यात वाहून गेलेला.

असा उलटा अर्थ घेणारे शब्द या प्रांतात आणखी सापडतात. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात तो गालबोट. बोट म्हणजे काजळाचे बोट असेल, किंवा कन्नड-तेलुगूत ठिपक्याला, कुंकवाला ‘बोट्टु’ म्हणतात तेच हे असेल. मला दुसरे अधिक पटते. तो लावायचा रक्षणासाठी. आता वर्तमानपत्र पाहा: मिरवणुकीला गालबोट लागले, म्हणजे दगडफेक झाली. लावलेल्या डागाचा लागलेला डाग झाला. ओवाळण्याचेही तेच. जिवापाड प्रेम असेल त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचा; आणि त्याच माणसाने दिवे लावले की त्याला ‘ओवाळून टाकलेला’ म्हणायचे. ओवाळले कुणावरून आणि टाकले काय, यावर सारे अवलंबून. बोटे मोडण्याचे तर नवलच. नातवाच्या गालावरून हात फिरवून आजी आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडते, त्याची अलाबला घेते. शेजारणीच्या नावाने मोडते तीही तीच बोटे, तोच आवाज.

अलाबलेतली बला अरबी आहे, फारसीतून आलेली: संकट, आपत्ती. ‘अला’ हे बहुधा नुसते नादासाठी जोडलेले. आपण इथपर्यंत आलोच आहोत तर फारसी फडताळही उघडू. त्यात मला सर्वांत आवडणारी बाटली जुलाबाची. फारसी गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी; गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबांकडे ‘ग’ नाही म्हणून तो ‘जुलाब’ झाला आणि गुलाबपाण्याच्या गोड सरबताला ते नाव पडले. त्या सरबतातून हकीम सारक औषधे देत, म्हणून औषधच जुलाब झाले. आणि मराठीत औषध सोडून त्याचा परिणामच जुलाब झाला. आधी जुलाब घेत, आता जुलाब होतात. बद्धकोष्ठावर आजी गुलकंद देते, तेव्हा गुलाबाने एक फेरा पुरा केलेला असतो. गुलकंदातला कंदही आपल्याच खंडाचा, म्हणजे खडीसाखरेचा, फारसी अवतार. माल आपला, मजुरी इराणची.

काढा आणि काढणे यांच्यासारखी दुसरी तोतयांची जोडी याच फडताळात आहे. अर्क. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, आणि रुईचे झाड; पोट दुखले की रुईचे पान तेल लावून, गरम करून पोटावर ठेवतात. बाटलीतला ओव्याचा अर्क मात्र अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला वरून घाम सुटतो, तो गोळा करायचा. दोघांचा संबंध नाही. पण हा अरबी घाम पुढे संस्कृतातही शिरला: अर्कांवरचा ‘अर्कप्रकाश’ नावाचा एक ग्रंथ आहे आणि तो चक्क रावणाच्या नावावर खपतो. लंकाधिपतीला अरबी येत होते असे यावरून दिसते. एखाद्या व्रात्य पोराला ‘अर्क आहे अगदी’ म्हणतो तेव्हा कोणता अर्क, हे त्याच्या आईने ठरवावे.

ओव्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोशकार त्याला संस्कृत यवानीकडे नेऊ पाहतात, हिंदीतल्या अजवायनच्या बाबतीत ते ठीकही आहे. पण ओवा कानाला तिकडचा लागत नाही. कन्नडात ओम, तमिळमध्ये ओमम्, तेलुगूत वामु. ग्रामाचे गाव, नामाचे नाव, तसा ओमचा ओंवा आणि मग ओवा. इथेही मिरजेच्या शेजारच्या बाईच जिंकतात.

गळ्यातला ताईत हाही अरबी. ‘तअवीज’ म्हणजे आसरा मागणे. त्याचा तावीज, तावीत, आणि मराठीत ताईत. कुणी त्याला संस्कृतातल्या त्रै धातूकडे, त्राता-त्राणाकडे ओढतात. ओढू द्या. मात्र ‘जादू’ला फारसी म्हणून हिणवू नये, कारण तिचे मूळ घर आपल्या भिंतीला लागून आहे. फारसी जादू ही अवेस्तातल्या यातूची नात, आणि यातू वेदातही आहे. यातुधान म्हणजे चेटूक करणारे. एकाच आजीच्या दोन नाती, एक इराणात वाढली, एक इथे खपली. मग इराणची परत आली आणि तिने टोण्याशी घरोबा केला. जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३चा कायदा तुम्हाला माहीत असेलच, पण त्याचे पूर्ण नाव कधी सावकाश वाचा. ते बरेच लांब आहे आणि शेवटी अशा प्रथांचे ‘समूळ उच्चाटन’ करण्याबाबत असे म्हणते. उच्चाटन! शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण: मांत्रिकाच्या षट्कर्मांतले खास कर्म ते. मसुदा लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, कळायला मार्ग नाही. काट्याने काटा काढतात, तसे असावे. (पुन्हा काढतात.)

करणी या शब्दापाशी मात्र हसू थांबते. अथर्ववेदात दुसऱ्याचे वाईट करण्यासाठी केलेल्या प्रयोगाला कृत्या म्हणतात. कृ धातू, केलेली गोष्ट. मराठीत करणी, तोच धातू, तोच अर्थ, तीच न उच्चारता सुचवण्याची रीत. कृत्येवर अथर्ववेद जी वनस्पती वापरतो ती अपामार्ग, पुसून टाकणारी. आणि ती म्हणजे आपला आघाडा, श्रावणात जिवतीला दूर्वांबरोबर वाहतात तो. आईने केले तर उपाय, सासूने केले तर तोडगा, आणि भावकीतल्या विधवेने केले तर करणी. कृती एकच असते, मूठ तीच असते. या शब्दाने गावांतून बायका हाकलल्या गेल्या आहेत, मारल्याही गेल्या आहेत. त्या कायद्याची गरज शब्दकोशात शोधावी लागत नाही.

तोडग्याची कहाणी त्या मानाने सुखाची. तोडणेवरून तोड, म्हणजे ज्याने सामोऱ्या गोष्टीचे बळ तुटते ते. ‘याला तोड नाही’ म्हणतो ती तोड. तोडगा त्यातलाच दिसतो, आणि हिंदीतला टोटका त्याच्या जवळपास कुठेतरी राहत असावा. पूर्वी तोडगा मूठभर मोहरीचा, काळ्या बाहुलीचा. आता मंत्र्यांच्या दालनात बैठक होते, संप मिटतो आणि मथळा येतो: ‘अखेर तोडगा निघाला’. निघाला, कारण कुणीतरी तो ‘काढला’. उताऱ्याचेही असेच उजळ माथ्याने पुनर्वसन झाले. उद् आणि तॄ मिळून मूळ अर्थ पाण्यातून पार होऊन वर येणे. नावेतून काठावर येणारा शेवटी खाली पाय टाकतो, म्हणून उतरणे खालचे झाले असावे. विषावर उतारा, तिठ्यावर भाताचा उतारा, परीक्षेत गद्य उतारा, आणि तलाठ्याकडे सात-बाराचा उतारा. शेवटचा मिळेपर्यंत पहिल्याची गरज पडते, असे आत्याचे यजमान म्हणायचे.

बाळगुटीच्या सामानातल्या मुरुडशेंगेबद्दल सांगायचे राहतच होते. पिळे पडलेली, स्क्रूसारखी वळलेली ही शेंग सहाणेवर उगाळतात. दोन वेढे वेखंडाचे, एक वेढा हिचा. पोटात मुरडा आला की मुरड पडलेली शेंग. हिंदीतही मरोड म्हणजे पोटातली कळ आणि पीळ दोन्ही, आणि शेंग मरोडफली. आता आधी कोण? शेंगेचा गुण कळला म्हणून हे नाव पडले, की पीळ पाहून नाव पडले आणि नावामुळे ती पिळाच्या दुखण्यावर दिली जाऊ लागली? मी पहिल्या बाजूचा होतो. हल्ली डळमळलो आहे, कारण काढ्याने काढणेशी जे नाते जोडले तेही शब्दानेच जोडले, वस्तूने नव्हे.

हे सगळे मी आत्याला सांगायचा प्रयत्न केला. क्वाथ वेगळा, कृष् वेगळा. काढा आणि काढणे यांचा काही संबंध नाही. तिने तवा खाली ठेवला, पोराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ठसका लागला ना तुला? मग दिष्ट नव्हती. तो काढा दे इकडं, त्यानं निघंल.”

‘निघंल’ म्हणाली. उतरेल नव्हे.